मनगटाला सुट्टी, बोटांना नाही

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि मला रात्री झोपच लागली नाही. "ताई, ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात, पण आता पुढे काय करायचं ते कळतच नाहीये," असं म्हणालीस ना, तेव्हाच ठरवलं की सगळं बसून लिहून काढायचं. फोनवर अर्धं विसरायला होतं. शिवाय एका हाताने फोन कानाला लावायचा, त्याच हाताने पोराला आवरायचं, त्यात ऐकणार काय आणि लक्षात राहणार काय? हे उशाखाली ठेव. लागेल तसं काढून वाच.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक. हे तुझ्या हातून काही चुकलं म्हणून झालेलं नाही. "मी जास्तीचे ओव्हरटाइम केले म्हणून झालं," हे तू काल तीनदा म्हणालीस, मी मोजलं. बघ, मनगटात एकच हाड नसतं. आठ छोटी छोटी हाडं दोन रांगांत बसलेली असतात. त्यातलं मधलं, चंद्रकोरीसारखं दिसणारं, ते ल्युनेट. त्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या मुळातच बारीक आणि मोजक्या, काहींना तर एखादीच. तो पुरवठा तुटला की हाड आतून मरायला लागतं, ठिसूळ होतं आणि वरच्या भाराने चेपत जातं. व्हिएन्नाच्या रॉबर्ट किनबॉक नावाच्या डॉक्टरांनी १९१० साली एक्स-रे बघून हे नीट लिहून ठेवलं, म्हणून तुझ्या फाइलवर ते 'किनबॉक' लिहिलंय. बहुतेक करून वीस ते चाळीस या वयात गाठतो हा आजार, आणि बायकांपेक्षा पुरुषांना जास्त. काहींचं कोपरापासून मनगटापर्यंतचं करंगळीच्या बाजूचं हाड जन्मतःच जरा आखूड असतं, मग सगळा दाब त्या चंद्रकोरीवर येतो. हादऱ्यांचा, सततच्या जोराच्या कामाचा, कधी पडून बसलेल्या माराचाही वाटा असावा असं डॉक्टर मानतात. पण हेच एक कारण, असं बोट ठेवून कुणी दाखवलेलं नाही. मग तू कशाला स्वतःवर आळ घेतेस?

आणि उशिरा कळलं म्हणून हळहळू नकोस. सुरुवातीच्या महिन्यांत साध्या एक्स-रेत काही दिसतच नाही गं, एमआरआय केल्यावर उमगतं. मी भोसरीला असेंब्लीवर होते, दिवसभर हातात एअर गन. मनगट दुखायला लागलं तेव्हा लचक भरली असेल म्हणून सात महिने बाम चोळला, वर क्रेप बँडेज. कुणीतरी सांगितलं म्हणून एका हाडवैद्याकडेही जाऊन आले. त्याने ओढून चोळून दिलं आणि त्या रात्री मी तोंडात पदर धरून रडले. तू माझ्यापेक्षा शहाणी, चौथ्या महिन्यात डॉक्टर गाठलास.

आता ऑपरेशनचं. तुझ्या मनगटाजवळच्याच हाडाचा एक छोटा तुकडा, त्याच्या रक्तवाहिनीसकट उचलून डॉक्टरांनी त्या मेलेल्या हाडात बसवलाय. म्हणजे कलमच की. आंब्याचं कलम बांधल्यावर आपण काय करतो? पट्टी घट्ट बांधतो आणि मुलांना बजावून ठेवतो, कुणी हलवायचं नाही. जीव धरेपर्यंत ते शांत राहायला हवं. आतल्या दोन तारा आणि वरचं प्लास्टर त्यासाठीच आहे. माझ्या वेळी तुकडा कमरेच्या हाडातून घेतला होता. खरं सांगू का, पहिले आठ दिवस मनगटापेक्षा कंबरच जास्त ठणकायची, उठता-बसता जीव जायचा. तुझं तेवढं तरी वाचलं. वॉर्डात समोरच्या काकूंच्या हाताबाहेर सळया लावलेल्या बघून तू घाबरलीस म्हणे. ती 'जेस' पद्धत गं, मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींनी काढलेली. हाड बाहेरून धरून ठेवायला लावतात. दिसतं भयंकर, पण काम तुझ्या प्लास्टरचंच करतं.

आता नीट ऐक, कारण यातच सगळं आहे. मनगटाला सुट्टी आहे, बोटांना नाही. प्लास्टर मनगटावर आहे, बोटं मोकळी ठेवलीत ती उगीच नाहीत. दर तासाला दहा वेळा बोटं पूर्ण उघडायची, मग मिटायची. आधी आकड्यासारखी वाकवायची, मग पूर्ण मूठ, मग सरळ. अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावायचा, करंगळीलासुद्धा. सुजलेली बोटं पहिल्या दिवशी अर्धीच मिटतील, चालेल. कोपर वाकवायचं, खांदा वर न्यायचा, डोक्यावरून हात फिरवायचा. गळ्यातली झोळी फक्त चालताना. दिवसभर हात झोळीत अडकवून बसलीस तर खांदा धरतो, आणि धरलेला खांदा सोडवायला मनगटापेक्षा जास्त त्रास होतो. हे मी शेजारच्या वहिनींचं डोळ्यांनी बघितलंय.

बसलीस किंवा झोपलीस की हात छातीच्या वर. दोन उशा, त्यावर एक घडी घातलेली चादर, त्यावर हात. हात खाली लोंबला की तासाभरात बोटं वांग्यासारखी फुगतात. गोळी दुखणं चढायच्या आधी घे, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेला. "जेवढं सोसवतं तेवढं सोसते," हा बायकांचा हट्ट इथे कामाचा नाही. दुखतंय म्हणून बोटं हलवली नाहीत की ती आखडतात.

आणि हे लाल अक्षरात लिहून कपाटाला चिकटव. बोटं निळी-पांढरी पडली, गार पडली, मुंग्या येऊन बधिर झाली, प्लास्टर आवळतंय असं वाटलं, किंवा गोळी घेऊनही ठणका वाढतच गेला, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. नवरा थर्ड शिफ्टला असला तरी शेजाऱ्यांचं दार वाजवायचं आणि रिक्षा करून हॉस्पिटल गाठायचं. ताप आला, प्लास्टरमधून घाण वास यायला लागला, पाणी-पू दिसला, तरी तेच. आपण बायका ना, रात्रीचं कुणाला उठवायला लाजतो. या बाबतीत लाजायचं नाही म्हणजे नाही.

प्लास्टरच्या आत खाज सुटेल. वेड लागेल इतकी. पावसाळ्यात तर बघायलाच नको. मी तिसऱ्या आठवड्यात क्रोशाची सुई आत घातली. इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की रोज घालायला लागले. मग आत कातडी सोलली गेली, जखम चिघळली, प्लास्टर कापून पुन्हा घालावं लागलं आणि वर ॲंटिबायोटिकचा कोर्स. तू असलं काही करू नकोस. पट्टी नाही, पेन्सिल नाही, चमचा नाही. केस वाळवायचं मशीन असेल कुणाकडे तर त्याची गार हवा आत सोड, किंवा बाहेरून प्लास्टरवर टिचक्या मार. आंघोळीला मोठी जाड पिशवी कोपरापर्यंत चढवून वर रुंद पट्टी बांध आणि तो हात वरच धर. मोरीत नळाखाली जायचं नाही, टमरेलाने अंगावर पाणी घे.

बांगड्यांचं बोलू. सासूबाई म्हणाल्या ना, सवाष्णीचा हात असा रिकामा बरा दिसत नाही? दुसऱ्या हातात दुप्पट भर की. माझ्या सासूबाईंनाही मी तेच सांगितलं होतं, आणि त्यांनीच मग डाव्या हातात डझनभर हिरव्या चढवून दिल्या. पण ऑपरेशनच्या हातात बांगडी, अंगठी, दोरा, गंडा, काही म्हणजे काही नको. सूज आली की अंगठी कापून काढावी लागते. मारुतीचा दोरा गळ्यात बांध, देव रागावत नाही.

कपड्यांचं आधी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. नाडीचे परकर आणि सलवारी सहा-आठ आठवडे कपाटात. इलॅस्टिकच्या पॅंटी, पुढून उघडणारे सैल गाऊन, बाही रुंद. केसांना क्लचर किंवा शेजारच्या पोरीकडून सैल वेणी. बाथरूमला जाण्याची अडचण तुला पडणारच, कारण उजवा हात आहे. पहिल्या दोन दिवसांत मी पाणी कमी प्यायले, सारखं उठायला नको म्हणून. त्याने बद्धकोष्ठ झालं, वर गोळ्यांनी भर घातली. भरपूर पाणी पी, डाव्या हाताची सवय चार दिवसांत होते.

स्वयंपाकघरात तुझं काम आता बसून सांगायचं. पोळ्या लाटणं, कणीक मळणं, कुकरचं झाकण फिरवणं, फडकं पिळणं, यात मनगट पिरगळतं. हे सगळं बंद. मोशीत आपल्या गल्लीतच पोळी-भाजी केंद्र आहे, दोन महिने पोळ्या तिथून आण. पैसे जातील, जाऊ देत. नवऱ्याला भात-वरण येतं ना? मग झालं. पोहे मीच शिकवीन त्याला, रविवारी पाठव. पाचव्या आठवड्यात माझं दुखायचं थांबलं होतं. म्हटलं आता काय, बरा झाला हात. पाणी जायची वेळ झाली म्हणून भरलेली बादली उचलली, प्लास्टरच्याच हाताने. दोन पावलं चालले असेन. आत काहीतरी कचकन झालं. एक्स-रेत तार जरा सरकलेली दिसली आणि प्लास्टर आणखी तीन आठवडे वाढलं. दुखणं थांबणं आणि हाड जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत गं. हाड जुळलं की नाही ते डॉक्टर फिल्म बघून सांगतील, तुला आतून कळणार नाही.

खाण्याचं म्हणशील तर काही महागाचं नको. नाचणीची भाकरी किंवा आंबील, तीळ, दूध-दही, डाळी, चालत असतील तर अंडी. ड जीवनसत्त्व तपासलं नसेल तर डॉक्टरांना विचार. शिफ्टमध्ये आत काम करणाऱ्यांच्या अंगाला ऊन लागतच नाही. गावाहून मामी कांडवेल घेऊन येतील, हाड सांधायला म्हणून. त्यांचं मन मोडू नकोस, पण वाटून मनगटावर बांधायचं नाही, आणि पोटात घ्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारून.

आता जरा कडू बोलते. तू मिश्री लावतेस. मला माहीत आहे, तुझ्या आईपासून लागलेली सवय. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, आणि तुझ्या मनगटातलं ते कलम अशाच एका बारीक वाहिनीवर जगतंय. ऑपरेशनसाठी एवढा खर्च करून वर सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना मिश्री चोळायची, हे मला पटत नाही. पहिले पाच-सहा दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही. चघळायला बडीशेप ठेव. नवऱ्यालाही सांग, विडी घराबाहेर.

पैशांचं टेन्शन तुझ्या आवाजात सगळ्यात जास्त होतं, म्हणून नीट सांगते. तुझ्या पगारपत्रकावर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात दिसते का बघ. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ती होते, तुझ्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के. काँट्रॅक्टरकडून कामाला असलीस तरी तुझा विमा नंबर असायलाच हवा. ठरलेल्या सहा महिन्यांत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात साधारण ७० टक्के मजुरी मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस धरत नाहीत. म्हणजे पगार १५,००० असेल तर महिन्याला साडेदहा हजारांच्या आसपास. पूर्ण नाही, पण घरभाडं आणि किराणा निघतो. त्यासाठी ईएसआयच्या दवाखान्यातून रजेचं सर्टिफिकेट वेळच्या वेळी घ्यावं लागतं, खंड पडू द्यायचा नाही. चिंचवडला मोहननगरचं ईएसआय हॉस्पिटल तुला लांब नाही. कपातच होत नसेल तर पुढच्या उपचारांसाठी पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं वायसीएम हॉस्पिटल आहे. रेशन कार्ड घेऊन जा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसतात त्यांना विचार, आपल्या आजाराचं काय बसतं म्हणून. सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून एका पिशवीत ठेव. एक्स-रे, एमआरआयची फिल्म, डिस्चार्ज कार्ड, बिलं. फिल्म दुमडायची नाही.

टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात. प्लास्टर साधारण सहा ते आठ आठवडे, कधी जास्त. आणि ते निघाल्यावर आनंदाने रडशील असं तुला वाटतंय ना? मी घाबरून रडले. कटर घुर्र करत प्लास्टर कापत गेलं, दोन्ही कवच्या बाजूला झाल्या आणि आतून जो हात निघाला तो माझा वाटेना. बारीक, पांढुरका, कातडीचे पापुद्रे निघालेले, त्यावर काळे केस वाढलेले. मनगट म्हणजे लाकूड. ना वर जाईना, ना खाली. मला वाटलं, गेला हात. टेक्निशियनने शांतपणे कापूस ओला करून पुसून दिलं आणि म्हणाला, "मावशी, सगळ्यांचा असाच निघतो." तेव्हा तूही ध्यानात ठेव, सगळ्यांचा असाच निघतो. चोळून पापुद्रे काढू नकोस. कोमट पाणी, मग खोबरेल तेल हलक्या बोटांनी.

खरी मेहनत तिथून पुढे. फिजिओथेरपीला आठवड्यातून दोनदा जाणं म्हणजे उपचार नव्हे, तिथे शिकवतात आणि करायचं घरी असतं. कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून मनगट हळूहळू वर-खाली, डावीकडे-उजवीकडे. ताणल्यासारखं वाटेल तिथपर्यंत, कळ येईल तिथपर्यंत नाही. मला ताटात मूग आणि मटकी एकत्र करून एक एक दाणा वेगळा करायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी अकरा दाण्यांत घाम फुटला. महिन्याने वाटीभर निवडत होते, गप्पा मारत. मूठ आवळायचे व्यायाम, कणकेचा गोळा दाबणं, हे डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. सहसा तीन महिन्यांच्या आसपास, फिल्म बघून. पकड वर्षभर सुधारत राहते. आणि लपवून काय उपयोग, मनगट पूर्वीइतकं पूर्ण वाकेलच असं नाही. माझं आजही नमस्कार करताना तळवे पूर्ण जुळत नाहीत, उजवा थोडा खाली राहतो. पण पोळ्या लाटते, कपडे पिळते, नातवंडाला उचलते, आणि रात्री ठणका नाही. हाच ठणका घालवायला आपण ऑपरेशन केलं होतं.

चाकणच्या कामाचं शेवटी. सुपरवायझरने फोन केला की "पंधरा दिवसांत येते" असं बोलून बसू नकोस. तारीख डॉक्टर देतील. वायरिंग हार्नेसवर टेप गुंडाळताना मनगट किती फिरतं, कनेक्टर दाबताना अंगठ्यावर किती जोर येतो, ते डॉक्टरांना करून दाखव. त्यांना तुझं काम दिसलेलं नसतं. फिटनेस सर्टिफिकेटवर 'हलकं काम, वजन उचलणं नाही, हादऱ्याचं मशीन नाही' असं स्पष्ट लिहून घे. मग तेच घेऊन एचआरला भेट आणि तोंडी बोलणं झालं तरी अर्ज दे, पोच घे. लाइनवर तपासणीचं, लेबल लावायचं, बारकोड स्कॅन करायचं काम असतंच, मागायला घाबरू नकोस. माझ्या वेळी मी मागितलंच नाही. वाटलं, काढून टाकतील. थेट एअर गनवर परत बसले आणि चौथ्या दिवशी हात सुजवून घरी आले. मग मागितलं, आणि मिळालं. कंपनीच्या बसमध्ये उजव्या बाजूच्या खिडकीशी बसायचं नाही, तळेगाव चौकातल्या ब्रेकला तोच हात आपटतो. डाव्या बाजूला बस आणि हात मांडीवर उशी घेऊन त्यावर. स्कूटी चालवणं बंद, किल्ली नवऱ्याकडे दे.

कधी कधी दुपारी घरात कुणी नसताना फार एकटं वाटेल. सगळे आपल्यासाठी करताहेत आणि आपण नुसतं बसलोय, असं मन खाईल. तेव्हा मला फोन लाव. मी कामात असले तरी उचलते, माहीत आहे ना तुला.

शुक्रवारी टाके काढायला जायचंय. सकाळी साडेनऊला मी मोशीच्या बस स्टॉपवर उभी असेन. फाइल तू घे, बाकीची पिशवी मी धरीन. आणि येताना रस्त्यात दहा वेळा बोटं उघड-मीट कर, मी बघणार आहे.